दोन दिशांनी शिवलेली गोधडी

४ मार्च २०२५, मंगळवार

या वहीत मला एक विधान सिद्ध करायचे आहे. ते असे: निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांनी एकाच कापडावर टाके घातले, म्हणून त्या एकमेकींच्या होत नाहीत. कापड एक होते. बायका होत्या तशाच राहतात.

निमित्त नूपुर. एकवीस वर्षांपूर्वी ती माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत असे आणि माझ्या प्रत्येक उदाहरणाला प्रत्युदाहरण शोधत असे. आता ती लालबागला बायकांचा एक शिवणगट चालवते. काल तिने त्याचे पत्रक आणून दाखवले. त्यावर छापले होते, ‘टाक्याटाक्याने जुळती मने’. मने जुळली हे कशावरून, असे मी विचारले. ती म्हणाली, गोधडीवरून. मी तिला आठवण करून दिली की धूर पाहून अग्नीचे अनुमान करता येते, कारण दोहोंचा नियत संबंध आपण स्वयंपाकघरात आधीच पाहिलेला असतो. गोधडी पाहून मनांचे अनुमान करायला तसा संबंध कोणी, कोठे पाहिला आहे?

“मग या आणि बघा, बाई,” ती म्हणाली. “नाही दिसला तर तसं लिहा. प्रदर्शनात मी ते वाचून दाखवीन.”

आव्हान न्याय्य आहे. मंगळवारी व शुक्रवारी बैठक असते. जे पाहीन ते लिहीन, निष्कर्ष शेवटी काढीन. स्वतःविषयी एवढेच पुरे: कालिंदी ओगले, वय सत्याहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, राहणार फणसवाडी, एकटी.

७ मार्च, शुक्रवार

बैठक गणेशोत्सव मंडळाच्या पहिल्या मजल्यावरील खोलीत भरते. अकरा पायऱ्या. भिंतीशी मागच्या उत्सवाचे बांबू व पडदे रचलेले. आठ बायका सतरंजीवर बसतात. माझ्यासाठी खिडकीजवळ खुर्ची ठेवली होती.

गोधडीचे पाच थर पाच जणींच्या जुन्या साड्यांचे आहेत. नूपुरने मागितली म्हणून मी माझी पांढरी इंदुरी दिली. शेवटच्या व्याख्यानाला नेसले होते. त्यानंतर तसा प्रसंग आला नाही.

गटात कसबी हात दोघींचेच. एक रमाबाई परब, वय अडुसष्ट. यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ते गेले, गिरणीही गेली. रमाबाई लालबागच्या चाळीत मुलाकडे, राजेशकडे राहतात. आपण मालवणी बोलतो हे त्यांना माझ्याशी बोलताना मधूनच आठवते, आणि मग त्या प्रमाण मराठीत शिरतात व पुन्हा बाहेर पडतात. दुसरी रोशनारा खातून, वय एकेचाळीस, मूळची मुर्शिदाबादची. नवरा जरीकाम करी. सतरा वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर आली. तीन वर्षांपूर्वी तो वारला. ती माहीमला भाड्याच्या खोलीत एकटी राहते आणि एका कारखान्यात तयार कपड्यांचे लोंबते धागे कापते. मला ती ‘टीचर’ म्हणते.

वाद पहिल्याच दिवशी झाला. रमाबाईंची गोधडी कडेपासून सुरू होते: चौकट शिवायची, आत दुसरी चौकट, तिच्या आत तिसरी, असे करत मध्यापर्यंत यायचे. रोशनाराच्या गावी जुन्या साड्यांचा कांथा शिवतात, तो मध्यापासून सुरू होतो: आधी कमळ, मग त्याभोवती टाक्यांची कडी, बाहेर बाहेर.

“मधूनच सुरू केलंस तर कड कोण सांभाळतलो गो?” रमाबाईंनी विचारले.

“मावशी, बीच में फूल नहीं, तो किनारा किसके लिए?”

दोघी हसल्या, पण एकीनेही सुई खाली ठेवली नाही. अखेर नूपुरने ठरवले की दोघींनी आपापल्या दिशेने यावे.

हा निर्णय मला अत्यंत उपयोगी पडणार आहे. टाका कापड पुढे ढकलतो. बाहेरून आत आणि आतून बाहेर असे दोन्हीकडून ढकललेले कापड मध्ये कोठेतरी साचणारच. तेथे झोळ येईल, आणि तो बरोबर दोघींच्या सीमेवर येईल. कोणी कोणाचे टाके उसवायचे यावर तेव्हा भांडण होईल, आणि माझे विधान सिद्ध होईल. मी वाट पाहीन.

१८ मार्च, मंगळवार

रमझानचा महिना चालू आहे. रोशनाराचा रोजा असतो. दोरा सुईत ओवण्यासाठी त्याचे टोक ओठांत धरून ओले करावे लागते. तोंडाला काही लावायचे नाही म्हणून ती कोरडाच दोरा ओवायचा प्रयत्न करत होती आणि टोक फाकत होते. रमाबाईंनी तिच्या हातातून सुई घेतली, दोरा स्वतःच्या तोंडात धरला, ओवला आणि परत दिली. नंतर दुसरी सुई. बैठक संपेपर्यंत रोशनाराच्या सर्व सुया त्यांनीच ओवल्या.

गटातील एकीने थट्टेने म्हटले, “रमाबाई, उष्टो दोरो दितास तिका?” रमाबाई म्हणाल्या, “गोधडी काय आता देवाक नेसवूची हा?”

कार्यविभागणीचे उदाहरण म्हणून नोंद घेते. निष्कर्ष काढत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

परवा पाडवा झाला, काल ईद. रमाबाईंनी पुरणपोळ्या आणल्या, रोशनाराने शेवया. नूपुरने छायाचित्र काढले. पदार्थांची देवाणघेवाण कचेऱ्यांत होते, वैरी राष्ट्रांच्या दूतावासांतही होते. पुरावा म्हणून ग्राह्य नाही.

शेवयांत साखर बेताची होती.

१८ एप्रिल, शुक्रवार

मागील तीन बैठका चुकल्या. ताप होता.

शनिवारी दुपारी दार वाजले. रोशनारा उभी होती. वाडीच्या तोंडाशी तीन दुकानांत विचारत आली म्हणाली. मी काही विचारायच्या आत तिने भात टाकला, मऊ शिजवला, मीठ-तूप घालून माझ्यापुढे ठेवला. चार वाजेपर्यंत बसली. माझ्या पोलक्याचा निखळलेला हूक लावून दिला. तिच्याजवळ कागदांची एक प्लास्टिकची पिशवी सतत असते. बैठकीत ती मांडीखाली ठेवते, येथे स्वयंपाक करताना काखेत धरली होती. फळीवर ठेव म्हटले तर हसली आणि ठेवली नाही. ही गैरसोयीची सवय तिला कोणीतरी सोडायला सांगितले पाहिजे.

ही भेट बैठकीबाहेर घडली, सबब विधानाशी तिचा संबंध नाही. क्रम पूर्ण राहावा एवढ्यासाठी नोंदली.

२ मे, शुक्रवार

रोशनाराने कमळाभोवतीच्या कड्यात गटातील बायका भरायला घेतल्या आहेत, प्रत्येक बोटभर उंचीची. नूपुर तिच्या खांद्यावरच्या पिशवीवरून ओळखू येते, रमाबाई चष्म्यावरून.

“माझा नाक येवढा मोठा आसा काय गो?” रमाबाईंनी विचारले.

“मावशी, असली से छोटा बनाया है.”

सगळ्या हसल्या, रमाबाई सर्वांत जास्त. खिडकीपाशी तिने एक खुर्ची काढली आहे. ती रिकामी आहे. मी विचारले नव्हते, तरी माझी नजर पाहून ती म्हणाली, “टीचर का अभी बाकी है. रोज़ देखती हूँ, समझ में नहीं आता, ग़ुस्सा है कि सोच रहा है.”

मी म्हटले, दोन्ही नाही. निरीक्षण चालले आहे. हे वाक्य तिला समजावून सांगण्यात रमाबाईंची पाच मिनिटे गेली. त्यांनी काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण रोशनारा माझ्याकडे पाहून फार वेळ हसत होती.

१६ मे, शुक्रवार

झोळ आला. माझ्या अपेक्षेप्रमाणे सीमेवर, चहूबाजूंनी, दोन बोटे उंच.

भांडण मात्र झाले नाही. रमाबाईंनी तळहाताने तो चाचपला आणि म्हणाल्या, “येतलोच तो. दोन हात लागले की येता.” रोशनाराने मान हलवली. मग दोघींनी काही न उसवता पुढचे टाके घालायला सुरुवात केली. नीट पाहिल्यावर कळले: प्रत्येक टाक्यात त्या कापडाचा केसाएवढा जादा भाग सुईवर घेत होत्या, एक या बाजूने, एक त्या बाजूने. तासाभरात झोळ बोटावर आला. त्याऐवजी साऱ्या पट्ट्यावर बारीक सुरकुत्या उमटल्या, पाण्यावर उमटतात तशा.

मी विचारले की यामुळे कापडाचा सपाटपणा जात नाही का. रमाबाई म्हणाल्या, “जाता ना. एका टाक्यावर झोळ टाकलो तर तो टाको तुटता, बाई. सगळ्यांनी थोडो थोडो घेतलो तर कोणाक जड नाय.”

भाकितापैकी पहिला भाग खरा ठरला, दुसरा नाही. विधान अबाधित आहे. एक अपेक्षित पुरावा तेवढा हातचा गेला. आता वीतभर रुंदीचे कडे शिवायचे राहिले आहे. ते पूर्ण झाले की दोघींचे टाके एकमेकींना भिडतील.

१० जून, मंगळवार

रोशनारा आली नाही. तिला शनिवारी पोलिसांनी नेले.

नूपुरला तिच्या घरमालकिणीने कळवले. माहीमच्या त्या गल्लीत बांगला बोलणाऱ्या पाच जणांना बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पडताळणीसाठी नेण्यात आले, त्यांत ही. पिशवीत आधार होते, मतदार ओळखपत्र होते, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की यांपैकी एकाही कागदाने तिचा जन्म भारतात झाला हे सिद्ध होत नाही. केवळ रचनेपुरते पाहिले तर हा युक्तिवाद निर्दोष आहे. आणि ऐकताक्षणी मला तो निर्दोष वाटला, हेही नोंदवते.

गावी तिचा भाऊ आहे. पंचायतीतून व शाळेतून कागद काढून आणायला त्याला दिवस लागतील. नूपुर चौकशी करून आली आहे: इथल्या प्रतिष्ठित माणसांनी लेखी हवाला दिला तर कागद येईपर्यंत तिला घरी राहता येईल, नाहीतर सरकारी निवाऱ्यात ठेवतील, आणि किती दिवस ते कोणी सांगत नाही. घरमालकीण म्हणते, खोली अशी अडकवून ठेवता येणार नाही.

रमाबाई आज एक टाकाही घालू शकल्या नाहीत. सुई हातात धरून बसल्या होत्या.

११ जून, बुधवार

मंडळाच्या खोलीत सगळ्या जमल्या. नूपुरने पत्र लिहून आणले होते: रोशनारा खातून हिला आम्ही ओळखतो, ती आमच्यातली आहे, तिची जबाबदारी आम्ही घेतो. खाली आठ नावे.

राजेश आईला थांबवायला आला होता. तो वाईट माणूस नाही. एका खाजगी कंपनीत सुरक्षारक्षक आहे, नोकरीला जपतो. म्हणाला, “आई, सही नको करूस. उद्या काय निघालं तर तुला बोलावतील तिथे.”

“बोलवूंदेत. मी चलत जायन.”

“तुला काय माहीत ती कुठे जन्मली?”

रमाबाईंनी चष्मा काढला. “तू जल्माक इलंस तेव्हा चाळीतल्या सतरा बायका दारात उभ्यो होत्यो. माझो जल्म कोणी बघितल्यान? माझो दाखलो खंय आसा, दाखय बघू माका.”

रमाबाईंनी सही केली. त्यांचे अक्षर मोठे व गोल आहे. दोन सह्यांची जागा त्यांनी एकटीने घेतली.

पत्र माझ्यापुढे आले तेव्हा मी सांगितले की या मजकुरावर मला सही करता येणार नाही. ‘आमच्यातली’ हे पद संदिग्ध आहे, आणि ‘जबाबदारी’ म्हणजे कशाची, किती काळ, हे सांगितलेले नाही. मी स्वतंत्र पत्र देईन. नूपुरला उलट बरे वाटले. “बाई, तुमचं पत्र वेगळंच पडेल. प्राध्यापकांचं पत्र ते वाचतील तरी.”

घरी येऊन लिहिले. तीनदा कच्चे केले. अंतिम मजकूर येथे उतरवून ठेवते:

‘श्रीमती रोशनारा खातून यांना मी ७ मार्च २०२५ पासून, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ, आठवड्यातून दोनदा पाहत आले आहे. त्यांचे वर्तन सौजन्याचे असून त्या आपल्या कामात कुशल आहेत. त्यांचे जन्मस्थान व नागरिकत्व यांविषयी मला प्रत्यक्ष ज्ञान नाही.’

प्रत्येक शब्द खरा आहे.

१२ जून, गुरुवार

नूपुरबरोबर पोलीस ठाण्यात गेले. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. मला खुर्ची दिली, पाणी मागवले. सात सह्यांचा कागद त्याने बाजूला ठेवला. माझे पत्र दोनदा वाचले; दुसऱ्यांदा शेवटचे वाक्य मोठ्याने वाचले.

“मॅडम, तुम्ही प्रोफेसर. तुम्हीच लिहिता, माहिती नाही. मग मी कशाच्या जोरावर सोडू?”

मी म्हटले की पहिली दोन वाक्येही तितकीच खरी आहेत. तो म्हणाला, “हो ना. पण मला लागतं ते तिसऱ्यात आहे.” माझे पत्र त्याने फायलीत सर्वांत वर लावले.

रोशनारा समोरच्या बाकावर बसली होती. तिने सारे ऐकले. एवढी मराठी तिला कळते. तिच्या मांडीवर पिशवी नव्हती, आणि हात कोठे ठेवावे हे तिला सुचत नव्हते.

तिच्याच बरोबर आणलेली एक बाई त्याच तासात घरी गेली. परळच्या एका डबेवालीकडे ती पोळ्या लाटते. त्या मालकिणीने वहीच्या फाडलेल्या पानावर लिहून दिले होते: हिला मी ओळखते, चांगली बाई आहे, माझ्या भरवशावर सोडा.

परतताना टॅक्सीत मी नूपुरला समजावले की अवाजवी हवाला पुढे उघडा पडला असता तर रोशनाराचे अधिक नुकसान झाले असते. “हो बाई,” ती म्हणाली. वर्गात ती कधी ‘हो बाई’ म्हणत नसे.

२० जून, शुक्रवार

रोशनारा निवाऱ्यात आहे. रमाबाई दोनदा जाऊन आल्या. एकदा भेट झाली, एकदा नाही. भेट झाली त्या दिवशी तिने विचारले म्हणे, टीचरचा ताप पुन्हा आला नाही ना.

घटना क्रमाने मांडून पाहिल्या. दोन बायका, एकाच दिवशी, एकाच गल्लीतून, एकाच संशयावरून आणलेल्या. दोघींपाशी आधार, दोघींपाशी जन्माचा दाखला नाही. दोघींसाठी इथल्या माणसांचे पत्र. एक घरी गेली, एक राहिली. सर्व गोष्टी समान असताना ज्या एका गोष्टीत भेद असतो तीच परिणामाचे कारण असते. ही व्यतिरेकाची पद्धती मी चौतीस वर्षे शिकवली. उदाहरणे नेहमी विषाची व औषधांची देत असे. भेद एका वाक्याचा आहे. तरीही अन्य कारणे संभवतात, आणि त्यांचा निरास झाल्याशिवाय निष्कर्ष काढता येणार नाही. अन्य कारणांची यादी करायला बसले. कागद कोराच राहिला.

आज एका नव्या बाईने मधले कडे पूर्ण करण्याची तयारी दाखवली. कांथाचा टाका तिलाही येतो. प्रदर्शन पुढच्या महिन्यावर आले आहे. रमाबाईंनी गोधडीवर हात ठेवला आणि नाही म्हणाल्या. ती आतून येत होती, ती येईपर्यंत आपण बाहेर थांबू.

बाकीच्या गेल्यावर त्या माझ्या खुर्चीजवळ आल्या.

“बाई, एक विचारू? ता शेवटचा वाक्य त्यांनी विचारलेला काय?”

“नाही.”

“मग?”

मी सांगू लागले की अर्धे सत्य हे... आणि थांबले. त्या उभ्याच होत्या, रागावलेल्या नव्हत्या. खरोखर उत्तर ऐकायला उभ्या होत्या. मग त्यांनी माझी काठी कोपऱ्यातून आणून दिली, आणि अकरा पायऱ्या मला धरून उतरवल्या. हे काम एरवी रोशनारा करत असे. लिहिताना लक्षात येते की ही गोष्ट या वहीत आजवर एकदाही नोंदलेली नाही.

२४ जून, मंगळवार

काल तिला सोडले. भाऊ शाळेचा दाखला आणि आजोबांच्या जमिनीचे कागद घेऊन आला. कोणी क्षमा मागितली नाही. मागण्याची रीत नसावी. माहीमची खोली दुसऱ्याला गेली आहे, कारखान्यात तिच्या जागी दुसरी बाई आहे. आज रात्रीच्या गाडीने ती भावाबरोबर गावी जात आहे. परत येणार का, या प्रश्नावर ती रमाबाईंच्या हाताकडे पाहत राहिली.

दुपारी तासभर लालबागला आली. बारीक झाली आहे. सतरंजीवर बसली, मांडीखाली पिशवी ठेवली, आणि कमळाच्या बाजूने शिवू लागली. रमाबाई कडेच्या बाजूने. दोरा कापडातून ओढल्याचा आवाज ऐकू येत होता. एका ठिकाणी दोघींचे टाके भिडले. रमाबाई म्हणाल्या, “इलंस गो बाय.” दोघी तेथेच क्षणभर थांबल्या आणि पुढे शिवू लागल्या. तासाभरात कडे जवळजवळ पुरे झाले. खुर्चीच्या चित्राजवळचा चार बोटांचा तुकडा राहिला.

भाऊ खालून हाक मारत होता. ती उठली आणि माझ्याकडे आली. मी काहीतरी बोलायचे ठरवून आले होते. तीन वाक्ये, पाठ केलेली.

ती आधी बोलली. “टीचर, आपने झूठ नहीं लिखा.”

माझ्या तीनही वाक्यांची गरज संपली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते.

मग तिने खाली बसून सात सुया घेतल्या, प्रत्येक दोरा ओठांत धरून ओवला आणि सुया ओळीने टाचणगादीवर खोचून ती माझ्या मांडीवर ठेवली. “बाकी आप कर देना. टीचर का नज़र सुई में नहीं जाता, इसलिए डाल दिया.”

खुर्चीत मला भरायला तिला वेळ उरला नाही. ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

१ जुलै, मंगळवार

चार बोटांचा तुकडा आज मी शिवला. शुक्रवारी सुरू केले होते. मला शिवता येत नाही. टाके एका मापाचे नाहीत, दोनदा बोटाला सुई लागली, आणि माझ्या तुकड्यात झोळ राहिला आहे: लहान, पण बोट फिरवले की लागतो. कापड थोडे थोडे वाटून घेण्याची रीत मी इतके दिवस समोर बसून पाहिली होती. हाताला ती येत नाही. नूपुर म्हणाली, उसवून नीट करते. रमाबाई म्हणाल्या, “रवांदे. ता त्यांचा हा.”

सहा सुयांचा दोरा संपला. सातवी तशीच ओवलेली आहे. खुर्ची रिकामी आहे. ती कोणी भरू नये असे मी सांगितले आहे.

नूपुरने वही मागितली. पहिल्या पानावरील विधानाचे काय करायचे, असे तिने विचारले. मी सांगितले की ते खोडू नकोस. मला ते सिद्ध करता आले नाही, आणि या पानांवर त्याच्याविरुद्ध जे जमले आहे ते मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. वाचणारे पाहतील. ‘टाक्याटाक्याने जुळती मने’ हे वाक्य मात्र पत्रकावरून काढ, कारण ते फार सोपे आहे. “हे मान्य नाही, बाई,” ती म्हणाली, आणि वाद घालू लागली. मला बरे वाटले.

ज्यासाठी ही नोंद लिहायला बसले ते आता लिहिते.

दिनांक ११ जून रोजी रोशनारा खातून हिच्याविषयीच्या पत्रात मी एक वाक्य लिहिले, जे कोणीही विचारले नव्हते. ते खरे होते. परंतु मी ते सत्यासाठी लिहिले नाही. पुढे काही विपरीत निघाले तर कालिंदी ओगले चुकली असे कोणालाही म्हणता येऊ नये, यासाठी लिहिले. माझ्या नावावर चूक नसावी म्हणून मी तिच्या नावावर संशय ठेवला. त्यामुळे तिचे अकरा दिवस गेले, तिची खोली गेली, तिचे काम गेले, आणि तिला हे शहर सोडावे लागले. जिने मला मऊ भात करून वाढला, जिने माझा हात धरून मला अकरा पायऱ्या उतरवल्या, तिच्याविषयी मला प्रत्यक्ष ज्ञान होते. ते मी लिहिले नाही.

ही माझी चूक आहे. तिला दुसरे कारण नाही.

कालिंदी ओगले
फणसवाडी, गिरगाव